थेंबाचे माप

कारंजा लाड येथील कस्तुरीच्या हवेलीची कथा वाशीम जिल्ह्यातील जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक दूरदेशीचा व्यापारी कारंज्यात आला. एवढा मोलाचा माल एकरकमी घेणारा त्याला वाटेत कोठेही भेटला नव्हता. कारंज्यातील एका जैन श्रेष्ठीने तो सगळाच्या सगळा माल विकत घेतला आणि त्या वेळी चालू असलेल्या आपल्या वाड्याच्या बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकला, अशी ती आख्यायिका. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. अभिमान तेवढा कायम राहतो. सुगंध जेथे गुंजेने आणि माशाने मोजायचा, तेथे कारंज्याने तो उंटाने मोजला.

कथा सांगताना एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. कस्तुरी हा हिमालयातील नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतील पदार्थ होय, आणि शतकानुशतके तो मृगाला मारूनच मिळवला गेला. कस्तुरी नैसर्गिक होती, यात शंका नाही. तिच्या नैसर्गिकपणाची किंमत त्या मुक्या जिवाने मोजली. पुढे १८८८ साली आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटक द्रव्यांवर काम करीत असता कस्तुरीसारखा वास असलेला कृत्रिम पदार्थ त्याच्या हाती अवचित लागला, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतील कस्तुरीचा व्यवहार सुरू झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला पहिल्या अनुसूचीतील संरक्षण दिले. म्हणजे या एका बाबतीत तरी ‘कृत्रिम’ हा शब्द अहिंसेच्या बाजूचा ठरला. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्दोष, हा समज तपासून पाहावा लागतो, तो असा.

आज तोच शब्द एका बोटभर बाटलीवर छापून घरोघर येऊ लागला आहे. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, गाव कोणतेही घ्या, पेढीमागच्या घरातील चित्र सारखेच असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर आणि गालांवर मुरुम उठतात. आजी म्हणते, वयाचे आहे, जाईल. आई हळद सुचवते. आत्याबाई लिंबू चोळायला सांगते. मावसबहिणीचे लग्न दीड महिन्यावर आलेले असते, आणि मुलगी कोणाला न विचारता ‘टी ट्री ऑइल’ नावाची बाटली मागवून घेते. बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध, शंभर टक्के नैसर्गिक’ असे असते. शुद्ध आहे म्हणून ती ते शुद्धच लावते, कापसाच्या बोळ्याने, रात्री, प्रत्येक मुरुमावर. सकाळी गाल लाल होऊन आग आग होते. चार-आठ दिवसांनी आग शमते. त्या जागी तपकिरी-काळा डाग उरतो. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या कांतीत जळजळीनंतर असा डाग पडण्याची प्रवृत्ती अधिक असते. मुरुम आठवड्यात बसला असता. हा डाग कित्येक महिने जात नाही. मुलगा असेल तर घरात त्याची चर्चा होत नाही आणि तो तेच सारे अधिक घाईने, अधिक प्रमाणात करतो, इतकाच फरक.

चूक बाटलीची असतेच असे नाही. चूक बहुधा मापाची असते.

हे माप समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सुगंधी तेल म्हणजे काय, हे वऱ्हाडाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. रोशा किंवा तिखाडी या नावाने ओळखले जाणारे गवत अमरावती-अकोल्याच्या रानांत, निमाडात आणि खानदेशात उगवत असे. (आजचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातूनच वेगळा झाला.) परसातील गवती चहाचे ते सख्खे भावंड. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास गवत फुलावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या भांड्यात पाणी आणि गवत कोंबून खाली जाळ करायचा. वाफेबरोबर वर येणारे तेल थंड करून पाण्यावरून काढून घ्यायचे. शंभर किलो गवतातून अर्धा किलो तेल मिळाले तर उतारा चांगला. त्यातही मोतिया नावाच्या गवताचे तेल उंची, सोफिया नावाच्या गवताचे हलके, हे व्यापारी वासावरून ओळखीत.

हे तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानकडे जाई. तेथे त्याचे नाव ‘इद्रिस यागी’, आणि युरोपात ते ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून ओळखले जाई, जरी तुर्कस्तानाशी त्याचा संबंध केवळ वाटेतल्या मुक्कामाचा होता. त्याचा एक मोठा उपयोग होता तो गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याचा. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. रोशा तेलात जिरॅनिऑल नावाचे जे मुख्य द्रव्य असते, तेच गुलाबातही असते. त्यामुळे मिसळ सहज पकडली जात नसे. आणि खुद्द रोशा तेलात काय मिसळले जाई? टर्पेंटाइन आणि घासलेट. भेसळीच्या मालातही भेसळ, असा तो सारा व्यवहार होता.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हे दोन येतात. एक खोट्या मापाचा, दुसरा एका मालाच्या नावाने दुसरा माल खपवण्याचा. सुगंधी तेलाच्या बाबतीत जे काही बिघडते ते बहुतेक या दोन खात्यांतच जमा होते. फरक इतकाच की येथे खोटे माप गिऱ्हाइकाच्या पदरात पडत नाही, ते माणूस स्वतःच्या चेहऱ्यावर टाकतो.

हिशेब मांडून पाहावा. एका थेंबाचे वजन साधारण पाच शतांश ग्रॅमच्या आत-बाहेर. वरील उताऱ्याने रोशा तेलाच्या एका थेंबात नऊ-दहा ग्रॅम गवत सामावलेले असते. गुलाबाच्या एका थेंबात दीडशे-दोनशे ग्रॅम पाकळ्या. आजीने सहाणेवर चंदन उगाळले, त्यात पाणी होते, लाकडाचा चोथा होता, आणि सुगंधी तेलाचा अंश अगदी थोडा होता. जुन्या वैद्यकात तारुण्यपीटिकांवर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितलेला आहे; तोही पाण्यात कालवलेल्या चूर्णांचा लेपच होय. भट्टीतून काढलेले निव्वळ तेल चेहऱ्यावर चोपडण्याची रीत आपल्या घरांत नव्हती. म्हणून ‘आमच्या आजीच्या वेळेपासून वनस्पती वापरतोच की’ हे या बाटलीचे समर्थन होऊ शकत नाही. ऊस आणि साखर एक नव्हेत, तसेच हे.

आता मुरुमाकडे वळावे. कातडीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल स्रवणारी ग्रंथी असते. वयात येताना शरीरातील अंतःस्रावांमुळे ती अधिक तेल सोडू लागते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते, आत तेल अडकते, तेथे नेहमीच राहणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात, आणि दाह होतो. म्हणजे मुरुम हा अस्वच्छतेचा दोष नाही, आणि दिवसातून सहा वेळा साबण लावल्याने तो जातही नाही. उलट कातडी कोरडी होऊन चिडते. डोक्याला भरपूर तेल लावून झोपण्याची आपल्या घरांतील सवय मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. कपाळाच्या कडेने, केसांच्या रेषेलगत बारीक मुरुमांची ओळ उठत असेल तर त्याचे कारण पुष्कळदा ओघळलेले खोबरेल हेच असते. अशा घरात नवे तेल आणण्याआधी जुने तेल कमी करावे. धुण्याच्या तासभर आधी लावले आणि धुऊन टाकले तर केसांचे काही बिघडत नाही.

सुगंधी तेलांत मुरुमावर माणसांवर झालेल्या चाचण्यांचा आधार असलेले मुख्य तेल टी ट्रीचे. ऑस्ट्रेलियातील एका झाडाच्या पानांपासून ते काढतात. नावात चहा असला तरी आपल्या चहाच्या झाडाशी त्याचे नाते नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टी ट्री तेलाचे पाच टक्क्यांचे जेल आणि मुरुमावरचे नेहमीचे औषध बेंझॉइल पेरॉक्साइड पाच टक्के यांची तुलना झाली. दोहोंनी मुरुम कमी झाले. टी ट्रीचा गुण येण्यास अधिक वेळ लागला, मात्र त्याने कोरडेपणा आणि जळजळीचा त्रास कमी झाला. २००७ साली इराणमधील ६० रुग्णांवरील चाचणीत पाच टक्क्यांचे जेल ४५ दिवस वापरल्यावर औषधरहित जेलपेक्षा चांगला गुण दिसला. ती चाचणी भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकातच प्रसिद्ध झाली. या चाचण्या लहान आहेत, आणि अशा सर्व पुराव्यांचा २०१५ साली जो एकत्र आढावा घेतला गेला त्यानेही हा पुरावा कमी दर्जाचाच ठरवला. तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. गुण आला तो पाच टक्क्यांनी. उरलेले पंच्याण्णव टक्के दुसरेच काही होते. शंभर टक्क्यांनी वीसपट गुण येतो, असे कोणीही दाखवलेले नाही. वीसपट दाह मात्र येऊ शकतो.

रोशा, लव्हेंडर, गवती चहा, लवंग, दालचिनी यांची तेले काचेच्या बशीत जंतू मारतात, आणि जाहिरातीत तेवढेच सांगितले जाते. काचेच्या बशीत घासलेटही जंतू मारील. चेहरा ही बशी नव्हे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल कातडीला झोंबते. दालचिनीच्या तेलाची ॲलर्जी तर प्रसिद्धच आहे. आपल्या रोशातील जिरॅनिऑल हेही ॲलर्जी उत्पन्न करू शकणाऱ्या द्रव्यांत गणले जाते. युरोपीय संघाने २००३ साली अशा २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली, तीत ते आहे. चेहऱ्यावर राहणाऱ्या मलमात त्याचे प्रमाण ०.००१ टक्क्यांच्या वर गेले तर वेष्टनावर नाव छापावे लागते. शंभर किलो मलमात एक ग्रॅम, हे ते माप. सराफाच्या काट्याची आठवण व्हावी इतके ते बारीक आहे, आणि ते उगीच बारीक ठेवलेले नाही. एकदा ॲलर्जी बसली की ती बहुधा जन्मभर राहते. पुढे तोच घटक असलेला साबण, अत्तर, उटणे, काहीही लावले तरी अंगावर उठते.

घरी वापरायचेच असेल तर मार्ग दोन आहेत. पहिला आणि अधिक निर्धोक मार्ग म्हणजे औषधाच्या दुकानातून पाच टक्क्यांपर्यंतचे तयार जेल घेणे, ज्यावर प्रमाण, घटक, निर्मितीची तारीख आणि मुदत छापलेली आहे. दुसरा मार्ग स्वतः पातळ करण्याचा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलीटर होतो. बाटलीच्या तोंडाप्रमाणे थेंब लहानमोठा असतो, म्हणून हे माप ढोबळच. चेहऱ्यासाठी एक टक्का पुरे. दहा मिलिलीटर आधारतेलात दोन थेंब झाले की एक टक्का झाला. नाजूक कातडीसाठी एकच थेंब. ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटून तिसरा-चौथा थेंब पडतो, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

आधारतेल म्हणून खोबरेल घेऊ नये; ते छिद्रे बुजवते. होहोबा या वनस्पतीचे तेल चेहऱ्याला बरे चालते. पाण्यात थेंब टाकून ते पाणी लावणे हा तर शुद्ध भ्रम आहे. तेल पाण्यात विरत नाही, वर तरंगते. बाटली हलवली तरी कोठेतरी निव्वळ थेंब गालाला लागतोच. घरच्या कोरफडीच्या गरातही तेच घडते. तयार जेलमध्ये तेल एकजीव ठेवणारे घटक घातलेले असतात, ते घरी नसतात.

पातळ केलेले मिश्रणही थेट चेहऱ्यावर नेऊ नये. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. एका रात्रीत काही झाले नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असे ठरत नाही. ती चौथ्या-पाचव्या दिवशीही उठते. खाज, लाली, पुरळ यांतले काहीही दिसले तर ते तेल त्या व्यक्तीसाठी कायमचे बंद. काही उठले नाही तर फक्त मुरुमांच्या जागी, रात्री, दिवसातून एकदा. डोळ्यांच्या भोवती, ओठांवर, नाकाच्या आत लावू नये. फोडलेल्या मुरुमावर तर मुळीच नाही.

ऊन हा वऱ्हाडातील वेगळाच विषय. लिंबू, बर्गमॉट अशा लिंबूवर्गीय फळांच्या साली दाबून काढलेल्या तेलांत अशी द्रव्ये असतात की ती लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि पुढे काळे चट्टे राहतात. चेहऱ्यावर लिंबाची फोड चोळून दुचाकीवरून शिकवणीला निघालेल्या मुलीलाही हेच होऊ शकते. वैशाखातील दुपार तर सोडाच, कार्तिकातील उन्हातही. ही तेले चेहऱ्यासाठी वर्ज्यच मानावीत. दुपारी डोक्याला-तोंडाला ओढणी गुंडाळावी, आणि ती रोज धुतलेली असावी. घामाने मळलेली तीच ती ओढणी आठवडाभर गालावर घट्ट बांधली तर तिच्या घर्षणानेही मुरुम वाढतात.

तेल शिळे होते, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसते. टी ट्रीचे तेल हवा आणि उजेड लागून बदलते, आणि असे बदललेले तेल ताज्यापेक्षा अधिक ॲलर्जी आणते. म्हणून बाटली गडद काचेची असावी, बूच घट्ट असावे, जागा थंड आणि अंधारी असावी, आणि उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवावी. वर्षभरात उरलेले तेल चेहऱ्याला लावू नये. देव्हाऱ्याजवळ, समईच्या शेजारी तर या बाटल्या ठेवूच नयेत. ही तेले पेट घेतात.

आणि लहान मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी नकोत. निलगिरीचे किंवा कापराचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडेसे गेले तरी झटके येऊ शकतात. टी ट्री तेलानेही गुंगी येते, तोल जातो. असे घडल्यास मुलाला ओकारी करवण्याचा प्रयत्न करू नये. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही तेले वापरू नयेत.

वेष्टन वाचण्याची सवय जैन घरांना नव्याने लावण्याची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचणारी दृष्टी मलमाच्या डबीकडेही वळावी, इतकेच. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत मधमाशीचे मेण, मध आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन हे घटक वारंवार आढळतात. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे, आणि अशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीसही. पण घटकांचा प्रश्न त्या बंदीने सुटत नाही. तो घरानेच वाचून सोडवायचा आहे.

आता दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांविषयी. वाचकांतील कित्येकांची किराण्याची वा औषधांची दुकाने आहेत, आणि मुरुमावर ‘काहीतरी द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक त्यांच्यासमोर रोज उभे राहते. त्या वेळी हातात येणारी सर्वांत घातक वस्तू सुगंधी तेलाची बाटली नसते. ती असते तीन-चार औषधे एकत्र केलेली, स्टिरॉइड असलेली स्वस्त मलमाची नळी. ती लावली की चार दिवसांत चेहरा उजळतो, मुरुम बसतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन शेजारणीलाही पाठवते. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात, आणि नळी सोडताच मुरुम दुपटीने उसळतात. मग ती सोडवत नाही. देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी यावर वर्षानुवर्षे आवाज उठवल्यानंतर २०१८ साली केंद्र शासनाने अशी स्टिरॉइड मलमे परिशिष्ट एच मध्ये आणली; म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. तरीही ती विकली जातात, हे उघड गुपित आहे. येथे कायद्याआधी व्रताचा प्रश्न उभा राहतो. आपल्या पुतणीच्या चेहऱ्यावर जी नळी आपण लावू देणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलीच्या हाती देण्यात वीस-तीस रुपयांची जी मिळकत आहे, ती कोणत्या खात्यात लिहावी?

तेल वापरून पाहण्यासही मुदत असावी. मुरुमावरील कोणत्याही उपायाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दर आठवड्याला उपाय बदलणे व्यर्थ आहे. पण आठ आठवड्यांत फरक नसेल, किंवा खोल, दुखणाऱ्या गाठी उठत असतील, खड्डे पडू लागले असतील, पाठ-छातीवर पसरले असेल, तर तेलाचे प्रकरण मिटवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर कारण अंतःस्रावांत असू शकते आणि चेहऱ्यावर काहीही लावून ते जाणार नाही. मुलगी आरशासमोर जाणे टाळू लागली, समारंभाला येईना, जेवणावरून उठू लागली, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे. ‘लग्नाचे वय आले, चेहरा नीट ठेव’ असे तिच्या कानी रोज घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानी घ्यावी. खड्डे वेळेवर उपचार केल्याने टळतात. एकदा पडले की भरत नाहीत, किंवा मोठ्या खर्चाने अर्धेमुर्धे भरतात.

जैन कुटुंबांची एक अडचण डॉक्टरांसमोर संकोचाने बोलली जात नाही, ती बोलावी. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध बहुधा मऊ जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येते, आणि जिलेटिन हा प्राणिज पदार्थ आहे. काही घरांत कॅप्सूल पाहताच औषध गुपचूप बंद केले जाते आणि डॉक्टरांना ‘घेतो आहे’ असे सांगितले जाते. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत विचारावे. सौम्य आणि मध्यम मुरुमांवर लावण्याची औषधे आहेत, गोळ्या आहेत, आणि पर्याय कोठवर चालतील ते डॉक्टर सांगू शकतात. या औषधाचा दुसरा नियम मात्र कोणत्याही घरात सैल होऊ नये. ते चालू असताना गर्भ राहिल्यास बाळात गंभीर व्यंग येते. साखरपुडा ठरलेल्या, लग्न दोन-तीन महिन्यांवर आलेल्या मुलीने ती तारीख डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे. आई सोबत असेल तर आईने सांगावी.

वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि अकोला तर पहिल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्नाच्या बस्त्यासाठी अकोला-अमरावतीच्या चार फेऱ्या होतात, त्यांतील एका फेरीत हे काम बसते.

ज्या घरात बाटली आलेलीच आहे आणि निव्वळ तेल लावून गाल आताच भाजला आहे, तेथे प्रथम बोळ्यावर थोडे साधे खाण्याचे तेल घेऊन ते सुगंधी तेल हलक्या हाताने टिपून घ्यावे, मग सौम्य साबणाने आणि थंड पाण्याने धुवावे. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. त्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ, दुसरे तेल, यांतले काहीही लावू नये. डोळ्यात गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून मग डॉक्टरांकडे जावे. पुढचे काही आठवडे त्या जागेवर ऊन पडू देऊ नये, कारण डाग गडद होतो तो उन्हानेच. आणि बाटली फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी. आत काय होते, हे वेष्टनावरील अक्षरांवरून त्यांनाच कळेल.